आत्याबाईंचा उजवा पंजा

१० जानेवारी, मंगळवार

परिषदेहून परत आलो. कमाई : एक पिशवी, एक पेन, एक वही (हीच) आणि गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, ज्यावर माझ्या हुद्द्याच्या जागी 'वाहनचालक' छापलं होतं. दुरुस्त करून मागितलं, तर टेबलावरची मुलगी म्हणाली, "सर, दोनच दिवसांचा प्रश्न आहे, चालवून घ्या." घेतलं चालवून. वाहनचालकच तो.

मुळात जायचं होतं मोठ्या साहेबांना. त्यांची पाठ धरली, म्हणून प्राणिसंग्रहालयाचा पर्यवेक्षक या नात्याने माझी वर्णी लागली. सव्वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली परिषद. विषय : 'बंदिस्त प्राण्यांचे जीवन समृद्ध कसे करावे'. बंदिस्त पर्यवेक्षकांचं कसं करावं, यावर सत्र नव्हतं.

भाषणं अकरा झाली. नवांत मी झोपलो. दहाव्यात एका बाईंनी चित्रफीत दाखवली. एक म्हातारं अस्वल आपण होऊन पिंजऱ्याला लावलेल्या नळकांड्यात हात घालतं, टोकाची दांडी धरतं, डॉक्टर फटीतून सुई टोचून रक्त घेतो आणि अस्वल चमच्यातला मध चाटत बसतं. दोरी नाही, भुलीची बंदूक नाही. नको वाटलं तर हात काढून घ्यावा, कोणी रागावत नाही.

सभागृहात टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. नंतर जेवणाच्या रांगेत लक्षात आलं, डोळ्यांत पाणी आलं होतं. एसी फार होता.

११ जानेवारी

सकाळी सगळ्यांची बैठक उभ्याने घेतली. उभ्याने घेतली की लवकर संपते, असं परिषदेत सांगितलं होतं. आमची पाऊण तास चालली आणि सगळ्यांचे पाय दुखले.

जाहीर केलं की सुरुवात आत्याबाईंपासून. आत्याबाई म्हणजे आमचं एकुलतं एक अस्वल. कागदोपत्री 'अस्वल, मादी, क्र. ४'. (१ ते ३ कुठे गेली ते विचारू नये.) वय एकोणीस. दिवसभराचा उद्योग एकच : गजांपासून भिंतीपर्यंत जायचं, भिंतीपाशी मान झटकायची, परत गजांपर्यंत यायचं. फरशीवर त्या वाटेचा गुळगुळीत पट्टा पडला आहे. लोकांना वाटतं, अस्वल नाचतं. आम्हीही कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

'आत्याबाई' हे नाव काकांनी ठेवलं. काका म्हणजे गेली पंधरा वर्षं तिचं खाणंपिणं, झाडलोट सगळं बघणारे आमचे रक्षक. "पहिल्या दिवशी माझ्याकडे अशी बघितली," ते सांगतात, "घरी आलेली आत्या बघते ना, सगळ्यात खोट काढत, तशी."

काकांना सांगितलं, उद्यापासून खाणं थाळ्यात ठेवायचं नाही, लपवायचं.

"का?"

"तिने शोधून खावं म्हणून."

"शोधते की ती."

"कुठे? मी तर कधी पाहिलं नाही."

"तुम्ही गेल्यावर," काका म्हणाले आणि बादली उचलून चालते झाले. निवृत्तीला दीड महिना राहिला की माणूस काहीही बोलतो.

१५ जानेवारी, रविवार

समृद्धीचा चौथा दिवस. ओंडक्याला भोकं पाडून आत गाजरं, फांद्यांच्या ढिगाखाली अंडी, टायरमध्ये कलिंगडाची फोड. आत्याबाई सकाळी आठला ढिगामागे शिरल्या त्या चारपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मला धन्य वाटलं.

लोकांना वाटलं नाही. अभिप्रायवहीत आज तेरा तक्रारी. एक जशीच्या तशी : 'अस्वल दिसले नाही. वाघ झोपलेला. माकडे आम्हाला बघून हसली.'

मोठ्या साहेबांनी बोलावलं. "आपण अस्वल दाखवायला ठेवलंय की लपवायला?"

मी 'समृद्धी' हा शब्द तीनदा वापरला. चौथ्यांदा ते म्हणाले, "त्याने गर्दी वाढेल का?" मी म्हणालो, नक्की वाढेल. एवढं बेधडक खोटं लग्न ठरताना पगार सांगितला होता, त्यानंतर आजच बोललो.

१७ जानेवारी

शिट्टीचं प्रशिक्षण सुरू. शास्त्र असं : प्राण्याने हवं ते केलं की त्याच क्षणी शिट्टी आणि लगेच खाऊ. शिट्टी म्हणजे 'शाब्बास', हे त्याला समजलं की पुढे काहीही शिकवता येतं. चांगली चकचकीत शिट्टी आणली. काकांना देऊ केली. त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि परत दिली.

"तुम्हीच वाजवा. मला दम लागतो."

२२ जानेवारी, रविवार

पाच दिवसांत आत्याबाई शिट्टी शिकल्या. परिषदेतल्या अस्वलाला तीन आठवडे लागले होते. छाती फुगली होती, ती आज दुपारी बसली.

आमच्याकडे कठड्याजवळ एक पहारेकरी असतो. त्याला सगळे शिट्टीवाला म्हणतात. कोणी कठड्यावर चढलं, आत काही टाकलं की हा शिट्टी मारतो. रविवारी सरासरी दोन मिनिटांना एक. आज प्रत्येक शिट्टीला आत्याबाई होत्या तिथून धावत गजांशी येत होत्या, जीभ बाहेर, खाऊ कुठाय. खाऊ नाही. परत गेल्या. परत शिट्टी. चार वाजेपर्यंत धावून धावून त्यांच्या तोंडाला फेस आला, आणि शेवटी त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या.

पोरं खूश. मोठे साहेब खिडकीतून बघत होते, तेही खूश. "हे चांगलंय. हे चालू ठेवा."

काका माझ्याजवळ आले. आत्याबाईंच्या पाठीकडे बघत टाळूला जीभ लावून 'च्क' असा आवाज काढला. हळूच, पाल चुकचुकते तसा. आत्याबाईंनी मान वळवली. काकांनी खिशातून खारीक काढून आत टाकली.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"काय?"

"हे च्क."

"हे होय," काका म्हणाले. "चौदा वर्षं झाली असतील."

शिट्टी कपाटात ठेवली. अहवालात 'ध्वनिसंकेतात सुधारणा केली' असं लिहिलं.

२४ जानेवारी

डॉक्टरबाई तपासणीला आल्या. वयाने माझ्या धाकट्या मेहुणीएवढ्या, पण बोलणं असं की समोरच्याने आपोआप नीट उभं राहावं. आत्याबाईंचा उजवा गाल त्यांनी लांबून पाहिला.

"सूज आहे. सुळ्याच्या मुळाशी पू झालाय. किती दिवस?"

मी काकांकडे बघितलं. काकांनी बुटांकडे बघितलं.

"दात काढावा लागेल," बाई म्हणाल्या. "त्यासाठी भूल. आणि रक्त तपासल्याशिवाय या वयात मी भूल देणार नाही. मूत्रपिंडं कशी आहेत, देव जाणे. दोन वर्षांपूर्वी बंदुकीने भूल दिली, तेव्हा अकरा तास उठली नव्हती ना?"

"मग रक्त कसं घेणार?"

"ते तुम्ही सांगा. परिषदेला तुम्ही गेला होतात."

तिथे सगळे हसले. मीही. काका सोडून.

२५ जानेवारी

पशुनोंदवही उघडली. सुजेची तारीख शोधायला.

९ ऑक्टोबर. काकांचं तिरपं अक्षर : 'आत्याबाई उजवीकडून खात नाही.' खाली : 'पाहिले.' माझी सही.

२ नोव्हेंबर. 'आत्याबाई गार पाणी पीत नाही. तोंड हलवते.' 'पाहिले.' सही.

११ डिसेंबर. 'गाल.' नुसतं 'गाल'. बहुधा कंटाळले असावेत. 'पाहिले.' सही, आणि सहीखाली दोन ठिपके, माझ्या नेहमीच्या ऐटीत.

दिवसाला चाळीसेक वेळा मी 'पाहिले' लिहितो. आज हिशेब केला, त्या तिन्ही तारखांना मी पिंजऱ्याकडे फिरकलोसुद्धा नव्हतो.

काकांना म्हणालो, "तोंडी सांगायचं होतंत ना मला."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, लिहून द्या."

९ फेब्रुवारी

नळकांडं गेल्या आठवड्यात तयार झालं. नळदुरुस्तीवाल्याने पाण्याचा जुना रुंद पाइप कापून दिला : हातभर लांब, खालून फट, टोकाला दांडी. पिंजऱ्याच्या बाजूच्या दारावर बसवलं. ते दार कठड्याच्या कोपऱ्यावरून नीट दिसतं, त्यामुळे शिट्टीवाल्याला काम वाढलं.

शिकवणं काकांकडे, तक्ता माझ्याकडे. तक्त्यात सात रकाने आहेत. काका रोज सकाळी स्टूल टाकून बसतात आणि काहीच करत नाहीत. खरंच काही नाही. पहिले चार दिवस नुसते बसले. मी दोनदा घड्याळ दाखवलं. पाचव्या दिवशी आत्याबाईंनी नळकांड्याचा वास घेतला. च्क. खारीक. काल आत नखं घातली. च्क. आज कोपरापर्यंत उजवा हात घालून दांडी धरली.

मी आनंदाने ओरडलो. आत्याबाईंनी हात काढला आणि पट्ट्यावरून फिरायला लागल्या. पाऊण तास.

काका शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही उद्या ऑफिसातच थांबा. तक्ता मी पाठवतो."

१८ फेब्रुवारी

दोन मिनिटं हात आत, दांडी घट्ट. काकांनी हाताखालचे केसही भादरले. पेन्सिल टोचून बघतात. आत्याबाई मध चाटतात आणि सगळ्या जगावर नाराज असल्यासारख्या बघतात. सूज वाढली आहे, पण अजून खातात.

अहवालाचं पहिलं वाक्य लिहिलं : 'प्रस्तुत प्रयोग पर्यवेक्षकांच्या मार्गदर्शनाखाली...' बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तुमच्या?" म्हटलं, हो. "पण तुम्ही तर ऑफिसात बसता म्हणालात."

घरात शास्त्रीय वातावरण नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

हे लिहायचं नव्हतं. लिहितो.

आज रक्त घ्यायचं ठरलं होतं. काका, डॉक्टरबाई, बस. आणि मी मोठ्या साहेबांना कळवलं. त्यांनी छायाचित्रकार आणला, छायाचित्रकाराने मदतनीस, मदतनिसाने एक भलामोठा दिवा. काका म्हणाले, "नको." मी म्हणालो, "काका, हे सगळं दस्तऐवज म्हणून." काका पुन्हा म्हणाले, "नको, साहेब." पंधरा वर्षांत त्यांनी मला एकच गोष्ट दोनदा सांगितल्याचं आठवत नाही.

आत्याबाईंनी हात घातला. बाईंनी सुई काढली. दिवा लागला.

असा आवाज मी आजवर ऐकला नव्हता. नळकांडं अर्धं उपटलं गेलं. आत्याबाई मागच्या खोलीत शिरल्या. छायाचित्रकाराच्या पँटला मध लागला आणि त्याने त्याबद्दल लेखी तक्रार केली.

मोठे साहेब जाताना म्हणाले, "वय झालंय तिचं. निसर्गक्रम आहे." त्यांची पाठ आता बरी आहे.

काकांचे चार दिवस उरलेत. आत्याबाई संध्याकाळपर्यंत तीनदा नळकांड्याजवळ येऊन परत गेल्या. दोष कोणाचा, हे लिहायला तक्त्यात रकाना नाही.

२८ फेब्रुवारी

निरोपसमारंभ. भेट : भिंतीवरचं घड्याळ आणि छत्री. मोठ्या साहेबांनी भाषणात सांगितलं की काकांनी वाघांची अखंड सेवा केली. काकांनी हात जोडले. नळकांडं दुसऱ्याच दिवशी पुन्हा पक्कं बसवलं, पण चार दिवसांत आत्याबाईंनी त्यात नखसुद्धा घातलेलं नाही.

दोन शब्द बोला म्हणून आग्रह झाला. काका उठले. "पाणी कोमट द्या. गार पाण्याने तिचा दात ठणकतो." आणि बसले. लोकांना वाटलं, सुरुवात आहे. थोडा वेळ सगळे वाट बघत राहिले. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी त्यांना तीन महिन्यांची मुदतवाढ मागितली होती. उत्तर आलं : नियमात नाही. निदान रोज तासभर आत येऊ द्या म्हटलं. उत्तर : सेवानिवृत्त व्यक्तीस पंजा लागल्यास जबाबदारी कोणाची? सेवेत असलेल्या माणसाला लागला तर चालतो, असं दिसतं.

२ मार्च

काकांच्या जागी पक्षी विभागातला माणूस आला आहे. मोरालाही घाबरतो. पाव लांबून भिरकावतो. आत्याबाई खात नाहीत. काल अर्धं अंडं. आज पाणी फक्त. कोमट मी स्वतः करून नेलं.

स्टूल टाकून मीही बसलो. 'च्क' केलं. घरी आरशासमोर तासभर सराव केला होता. आत्याबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे वळल्या. सासूबाईंची आठवण झाली.

४ मार्च, शनिवार

सकाळी साडेनऊला संग्रहालय उघडलं, तर कठड्याच्या कोपऱ्यावर काका. इस्त्रीचा सदरा, हातात ती छत्री.

"काका? तुम्ही आत कसे?"

त्यांनी खिशातून तिकीट काढून दाखवलं. "काढलंय."

शिट्टीवाला गोंधळलेला. काका कठड्याच्या बाहेर उभे, पाटीवर लिहिलेल्या अंतरावर, बोट इकडचं तिकडे नाही. त्यांनी 'च्क' केलं. मागच्या खोलीतून आत्याबाई बाहेर आल्या. चालत आल्या. गजाला नाक लावून उभ्या राहिल्या, आणि सुजलेल्या तोंडाने असा काही सूर लावला की माझ्याजवळ उभी असलेली एक बाई म्हणाली, "अगं बाई, रडतेय की काय?"

"नाही," काका म्हणाले. "शिव्या देतेय."

नियमानुसार पाहुण्याने प्राण्याला काही देऊ नये. ते देऊ शकतो कर्मचारी. म्हणून काका च्क करणार आणि खारीक मी देणार, अशी व्यवस्था ठरली. दुपारपर्यंत आत्याबाईंनी दोन अंडी, अर्धी पपई आणि माझ्या सदऱ्याची बाही खाल्ली.

७ मार्च

काका रोज येतात. रोज तिकीट काढतात. मी म्हटलं, पास काढून देतो. म्हणाले, नको, पास रद्द करता येतो.

मोठे साहेब म्हणाले, सकाळच्या वेळेची गर्दी वाढलेली दिसते. एकाने वाढली आहे. मी 'समृद्धी' म्हणालो.

आता नळकांड्याशी मी बसतो. काका कठड्यावरून सांगतात. "बूट बदला, करकरतात." बदलले. "तिच्या डोळ्यांत बघू नका." नाही बघत. "बोलू नका." हे सगळ्यात अवघड. काल सलग वीस मिनिटं गप्प बसलो. सत्र संपल्यावर काकांनी खिशातून एक शेंगदाणा काढून माझ्या हातावर ठेवला. भाजलेला, साल काढलेला. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्याशी कधी मोकळेपणाने वागला नाही. बरं वाटलं.

९ मार्च

आज मी घाई न करता हात मागे घेतला, काका म्हणाले 'हं', आणि शेंगदाणा. नंतर आत्याबाईंनी दांडी धरली, मी ओरडलो नाही, पुन्हा शेंगदाणा. तेवढ्यात शिट्टी! शिट्टीवाला पाटीकडे बोट दाखवत धावत आला. पाटीवर लिहिलं आहे, 'प्राण्यांना खाद्यपदार्थ देऊ नयेत.' जवळ आल्यावर त्याने मला ओळखलं आणि सॅल्यूट ठोकला.

घरी बायकोला सांगितलं, काका हल्ली मला शेंगदाणे देतात.

"कधी देतात?"

"कधी म्हणजे? काम नीट झालं की."

ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. यात हसण्यासारखं काय आहे, ते विचारलं. थोड्या वेळाने चहा आणून दिला आणि माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा हसायला लागली.

११ मार्च, शनिवार

रक्त मिळालं.

कोणाला कळवलं नव्हतं. सकाळी दहा. डॉक्टरबाई, मी, कठड्यावर काका. आत्याबाईंनी हात घातला, दांडी धरली. मी मधाचा चमचा पुढे धरला. सुई गेली. त्यांनी कान हलवला. काढून घेतील, असं वाटलं. काढला असता, तर आम्ही निमूट परत गेलो असतो. त्यांनी चमचा चाटला.

दोन नळ्या भरल्या. बाई म्हणाल्या, "झालं." कठड्यावरून च्क आलं. बाईंनी गॉगल घातला. ऊन फारसं नव्हतं.

त्या गडबडीत शेंगदाणा मिळाला नाही. दिवसभर काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं.

१५ मार्च

रक्त ठीक. मूत्रपिंडं माझ्यापेक्षा चांगली. सोमवारी, २० तारखेला, भूल देऊन दात काढायचा. त्या दिवशी संग्रहालय बंद असतं, दिवे नाहीत, पोरं नाहीत. सगळं उत्तम.

काका म्हणाले, "सोमवारी तिकीटखिडकी बंद असते."

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मोठ्या साहेबांना विचारलं. म्हणाले, "आता तुम्हाला जमतंय ना? मग त्यांची गरज काय?" खरं उत्तर तोंडावर आलं होतं : मला जमत नाही, आत्याबाई चालवून घेतात. पण मी म्हणालो, "बरं, साहेब." सव्वीस वर्षांची सवय.

२० मार्च, सोमवार

सकाळी सातला कर्मचाऱ्यांच्या फाटकावर गेलो. काका बाहेर उभे होते. बोलावलं नव्हतं, तरी.

"मी इथेच थांबतो," ते म्हणाले. "आवाज इथून पोचेल का, बघतो."

फाटक ते पिंजरा, मध्ये हत्तींचं अंगण, तलाव, कार्यालय. आवाज पोचणार नव्हता, हे दोघांनाही माहीत होतं.

फाटकावरच्या टेबलावर येणाऱ्याजाणाऱ्यांची वही असते. कर्मचाऱ्याच्या घरचं कोणी भेटायला आलं, तर त्यात लिहून आत सोडतात. मी ती ओढली आणि लिहिलं. कोणास भेटायचे : आत्याबाई. नाते : भाचा. सोडणाऱ्याची सही : माझी. ठिपके दिले नाहीत.

शिट्टीवाल्याची आज फाटकावर पाळी होती. त्याने वाचलं. माझ्याकडे बघितलं. काकांकडे बघितलं. फाटक उघडलं आणि म्हणाला, "या भाचेसाहेब."

नळकांड्याशी मी बसलो. काका माझ्या खांद्यामागे. आत्याबाईंनी हात दिला, बाईंनी इंजेक्शन दिलं. बारा मिनिटांत त्या कुशीवर झाल्या. सुळा निघाला, माझ्या मधल्या बोटाएवढा, मुळाशी काळाकुट्ट. सहा महिने एवढं सोसूनही आत्याबाई आम्हाला हात देत होत्या.

बाई म्हणाल्या, चाळीस मिनिटांत जाग येईल.

चाळीस झाली. पन्नास झाली. बाई दर पाच मिनिटांनी बाहेरून काठीने पाय हलवून बघत होत्या. तासाला त्यांनी माझ्याकडे बघायचं बंद केलं. मी मनात वही चाळत होतो. ९ ऑक्टोबर. २ नोव्हेंबर. ११ डिसेंबर.

काका गजांपाशी जमिनीवर बसले होते, घड्याळात न बघता. मधूनमधून च्क. मग बराच वेळ काही नाही. मग च्क. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. बोललो नाही.

एक तास दहा मिनिटांनी डावा कान हलला. नंतर नाक. मग आत्याबाईंनी डोळा उघडला, एकच, आणि आम्हा दोघांकडे असं बघितलं की झालं हे सगळं त्यांना मुळीच पसंत नव्हतं.

"हां," काका म्हणाले. "आली."

आणि मग छत्री उघडून तोंडासमोर धरून बसले. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. 

२३ मार्च, गुरुवार

आत्याबाईंनी आज अख्खं गाजर खाल्लं. उजवीकडून. नोंदवहीत काकांनी लिहायची ती ओळ मी लिहिली आणि खाली 'पाहिले' लिहिलं. दोन तास तिथे उभा राहून.

दुपारी कार्यालयातून लखोटा आला. मोठ्या साहेबांनी फाटकावरची वही तपासली होती. मजकूर असा :

'दि. २० रोजी, साप्ताहिक सुट्टी असताना, आपल्या कोणी आत्याबाई नामक नातेवाईक संग्रहालयाच्या आवारात वास्तव्यास असून त्यांचे भाचे त्यांना भेटावयास आल्याची नोंद आढळली. सदर महिला आवारात केव्हापासून व कोणाच्या परवानगीने राहतात, याचा खुलासा तीन दिवसांत करावा.'

दहा वर्षं या माणसाच्या खिडकीतून तो पिंजरा दिसतो.

२४ मार्च

खुलासा लिहिला. पहिला खर्डा सव्वीस वर्षांच्या सवयीने लिहिला : 'नजरचुकीने', 'दिलगीर आहे', 'पुन्हा होणार नाही'. तो फाडला. दुसरा असा :

'सदर महिला गेली एकोणीस वर्षे आवारात राहतात. परवानगी आपल्या कार्यालयाची आहे. त्यांची कोणी घेतली नव्हती. त्यांचा दात सहा महिने दुखत होता आणि त्याची नोंद त्यांच्या भाच्याने तीन वेळा केली होती. ती न वाचता सही करणारा मी. भाच्याला सोमवारी आत मीच सोडले. पुढच्या सोमवारीही सोडणार आहे. त्याबद्दल जी कारवाई करायची ती माझ्यावर करावी. ता. क. : सदर महिलेस भेटण्याची इच्छा असल्यास बूट करकरणारे नसावेत.'

द्यायच्या आधी कठड्यावर जाऊन काकांना दाखवला. त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचला, घडी घालून परत दिला. मग सदऱ्याच्या खिशात हात घालून शेंगदाणे काढले आणि माझ्या ओंजळीत ओतले.

आजवर एकेकच द्यायचे. आज अख्खा खिसा रिकामा केला. म्हाताऱ्याला अचानक काय झालं, कोण जाणे. पण कार्यालयाचा जिना मी भराभर चढलो.